गर्भारपणातील एक दुर्मीळ संकट

सातव्या-आठव्या महिन्यात पोट दुखले, की घरातील वडीलधाऱ्या बायका ओवा देतात. बहुधा ते वायूचेच दुखणे असते. परंतु डाव्या बरगडीखाली एकाएकी असह्य कळ येऊन गर्भवतीला घेरी आली, घाम सुटला, तर ओव्याचा डबा जागीच राहू द्यावा.

प्लीहेला रक्त पुरविणारी धमनी क्वचित एखाद्या स्त्रीत एके ठिकाणी फुगलेली असते. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांत असे अधिक आढळते. गर्भारपणी अंगातील रक्त सुमारे ४० ते ५० टक्क्यांनी वाढते, धमनीची भिंत सैलावते आणि शेवटच्या तीन महिन्यांत तो फुगा फुटण्याची भीती असते. फुटल्यावर रक्त कधी कधी प्रथम जठरामागच्या पोकळीत अडते. रुग्ण सावरल्यासारखी वाटते. घात होतो तो येथेच! पुढे बांध फुटावा तसे रक्त साऱ्या पोटात पसरते. बाहेर मात्र थेंबही दिसत नाही. वार सुटली असावी, असा डॉक्टरांचाही समज होऊ शकतो.

म्हणून घरधनी यंत्रमागाच्या पाळीवरून परतेपर्यंत थांबू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका गुजरातेत २००७ पासून आहे, ती बोलवावी. तोवर तिला डाव्या कुशीवर निजवावे, कारण उताणे निजल्यास गर्भाशयाचा भार मोठ्या नीलेवर पडतो. खावयास काही देऊ नये. लिंबायत-उधन्याच्या कुटुंबांनी लहान प्रसूतिगृहात वेळ न दवडता स्मीमेर किंवा नवे सिव्हिल गाठावे; येथे शस्त्रक्रियेबरोबर रक्तही भरपूर लागते. कळ कोठे व केव्हा उठली, शुद्ध हरपली काय, हे डॉक्टरांना आधी सांगावे.