एक प्रकार, अनेक लेखने : डीबगर नावे कशी ओळखतो

दहावीचा निकाल लागला की शाळेच्या कार्यालयात एक अडचण हमखास येते. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग विद्यार्थ्याचे नाव आणि शेवटी वडिलांचे नाव असते. बँकेच्या पासबुकावर विद्यार्थ्याचे नाव आधी आणि आडनाव शेवटी असते. एखाद्या जुन्या कागदावर तर वडिलांचे नाव गाळलेलेच असते. माणूस एकच असतो. परंतु दोन्ही कागद अक्षराला अक्षर लावून पाहणाऱ्याला ती दोन माणसे वाटतात आणि शिष्यवृत्तीचा अर्ज तेथेच अडतो. याच्या उलटही घडते. एकाच गावातून आलेल्या दोन चुलत भावंडांचे नाव आणि आडनाव सारखे असते, फरक फक्त वडिलांच्या नावात असतो. तेथे घाईने 'हे एकच' असे ठरवले, तर एकाच्या हक्काची रक्कम दुसऱ्याच्या खात्यात जाते.

संगणकक्षेत्रात काम करणाऱ्या आम्हा मंडळींपुढे हाच प्रश्न निराळ्या वेशात उभा राहतो. सी भाषेत लिहिलेला प्रोग्रॅम तपासणारे साधन टाइपची नावे कशी ताडून पाहते, हे प्रस्तुत लेखात सांगण्याचा प्रयत्न आहे. संगणकाशी परिचय नसलेल्या पालकांनाही तो समजावा, अशी आमची इच्छा आहे.

सी ही भाषा डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७० च्या दशकाच्या आरंभी घडवली. आज लिनक्सचा गाभा प्रामुख्याने याच भाषेत लिहिलेला आहे. माणसाने लिहिलेला सी प्रोग्रॅम संगणक जसाच्या तसा चालवू शकत नाही. कंपायलर नावाचा प्रोग्रॅम त्याचे यंत्रभाषेत रूपांतर करतो. या रूपांतरात लेखकाने दिलेली बहुतेक नावे मागे पडतात. 'गुण', 'वय', 'हजेरी' अशी नावे आपण दिलेली असतात. यंत्राजवळ उरतात ते स्मृतीतील पत्ते आणि तेथे साठवलेले बाइट.

प्रोग्रॅम चुकला, तर तो मध्येच थांबवून आत पाहावे लागते. या कामासाठी जे साधन वापरतात त्याला डीबगर म्हणतात. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ मध्ये लिहिलेला जीडीबी हा त्यांतील सुप्रसिद्ध डीबगर होय. यंत्रभाषेत नावे नसतील, तर डीबगरला ती कोठून मिळतात? कंपायलरला '-जी' हा पर्याय दिला की तो यंत्रभाषेबरोबर एक स्वतंत्र टिपणवहीही तयार करतो. कोणत्या पत्त्यावर कोणते चल आहे, त्याचा टाइप काय, तो किती बाइटांचा, हे सर्व तीत नोंदलेले असते. लिनक्सवर ही टिपणवही 'ड्वार्फ' नावाच्या आराखड्यात लिहिली जाते. त्या आराखड्याची पाचवी आवृत्ती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली.

टाइप म्हणजे साठवलेले बाइट कसे वाचावेत याचा नियम. एका बाइटातील आठही जागांवर १ आहे असे समजू. 'अनसाइन्ड चार' या टाइपाने वाचले, तर तेथे २५५ ही संख्या दिसते. 'साइन्ड चार' या टाइपाने वाचले, तर तोच बाइट नेहमीच्या यंत्रांवर उणे १ दाखवतो. बाइट बदललेला नाही, वाचण्याचा नियम बदलला आहे. म्हणून डीबगरने टाइप चुकीचा ओळखला, तर तो आत्मविश्वासाने खोटी संख्या दाखवील आणि तपासणारा माणूस नसलेल्या चुकीच्या मागे दिवस घालवील.

आता मूळ अडचणीकडे येऊ. सी भाषेत अंगभूत टाइपांची नावे एकापेक्षा अधिक शब्दांची असू शकतात आणि त्या शब्दांचा क्रम ऐच्छिक असतो. 'अनसाइन्ड लाँग इंट', 'लाँग अनसाइन्ड इंट', 'इंट लाँग अनसाइन्ड' हे सर्व एकच. शिवाय 'इंट' हा शब्द गाळला तरी चालतो. 'अनसाइन्ड लाँग' म्हटले की अर्थ पूर्ण होतो. मोजून पाहू. तीन शब्दांचे क्रम ६ आणि 'इंट' गाळून उरलेल्या दोन शब्दांचे क्रम २. म्हणजे एका टाइपाची ८ लेखने झाली. 'अनसाइन्ड लाँग लाँग इंट' या टाइपात 'लाँग' दोनदा येतो. त्याची लेखने १५ होतात. ही सर्व लेखने व्याकरणाला मान्य आहेत, त्यांतील एकही अशुद्ध नाही.

टिपणवहीत मात्र यांपैकी एकच लेखन उतरते आणि ते कोणते हे कंपायलर ठरवतो. जीसीसी हा कंपायलर 'शॉर्ट अनसाइन्ड इंट' असे लिहितो, तर क्लँग हा कंपायलर त्याच टाइपाला 'अनसाइन्ड शॉर्ट' म्हणतो. मूळ प्रोग्रॅममध्ये लेखकाने काय लिहिले होते, याचा येथे संबंध नाही. एखाद्या मोठ्या प्रोग्रॅमचा काही भाग एका कंपायलरने आणि काही भाग दुसऱ्याने तयार केलेला असेल, तर एकाच टाइपाची दोन नावे शेजारी शेजारी नांदतात. डीबगरपुढे बसलेला माणूस तिसरेच लेखन टंकित करतो. डीबगरने केवळ अक्षरे जुळवली, तर 'असा टाइप नाही' हे उत्तर मिळेल आणि टाइप तर समोरच असेल.

यावरचा उपाय म्हणजे नावाचे प्रमाणीकरण. त्याची रीत आपल्या विद्यार्थ्यांना अपरिचित नाही. पाली गाथेत छंदासाठी शब्द पुढेमागे झालेले असतात. शिक्षक आधी पदे वेगळी करतात, कोणते पद कोणते काम करते ते पाहतात आणि मग सरळ अन्वय लावतात. डीबगरही नावाचे शब्द सुटे करतो आणि त्यांचा क्रम बाजूला ठेवून मोजक्या गोष्टी टिपतो : 'अनसाइन्ड' आला का, 'साइन्ड' आला का, 'शॉर्ट' आला का, 'लाँग' किती वेळा आला, 'चार' आला का. 'इंट' हा शब्द 'शॉर्ट' किंवा 'लाँग' यांच्याबरोबर आला असेल, तर तो अर्थात काही भर घालत नाही. या टिपणावरून तो एक ठरावीक लेखन तयार करतो. आठपैकी कोणत्याही लेखनापासून सुरुवात केली, तरी शेवटी 'अनसाइन्ड लाँग' हे एकच रूप हाती येते.

हे काम कोठे करायचे, हा पुढचा प्रश्न. मोठ्या प्रोग्रॅमच्या टिपणवहीत लाखो नावे असू शकतात. प्रत्येक वेळी ती सर्व वाचणे परवडत नाही, म्हणून डीबगर ग्रंथाच्या शेवटी असते तशी एक सूची तयार करतो. आपण वर्णक्रमाने लावलेल्या सूचीची कल्पना करू. 'लाँग अनसाइन्ड इंट' हे नाव 'ल' खाली असेल आणि 'अनसाइन्ड लाँग' शोधणारा 'अ' खाली पाहील, तर त्याला ते कधीच सापडणार नाही. म्हणून सूचीत नाव घालण्यापूर्वी ते प्रमाण रूपात आणावे लागते आणि विचारलेले नावही शोधापूर्वी त्याच नियमाने प्रमाण रूपात आणावे लागते. दोन्ही बाजूंना एकच नियम लागला पाहिजे. एकाच बाजूला लावला, तर आधी जुळणारी नावेही जुळेनाशी होतात. प्रत्येक नावावर हा खटाटोप करण्याचेही कारण नसते. सी भाषेत चलांची आणि फंक्शनांची नावे एकाच सलग शब्दाची असतात. तेथे क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही. शब्दांचा क्रम बदलतो तो अंगभूत टाइपांच्या नावांत.

येथवर वेगळे दिसणारे एक करण्याची गोष्ट झाली. वेगळे असलेले वेगळे ठेवणे हा कामाचा दुसरा आणि अधिक जोखमीचा भाग आहे. 'साइन्ड इंट' आणि 'इंट' एकच असल्यामुळे 'साइन्ड' हा शब्द सरसकट गाळावा, असा मोह होतो. परंतु 'चार', 'साइन्ड चार' आणि 'अनसाइन्ड चार' हे सी भाषेत तीन स्वतंत्र टाइप आहेत. नुसत्या 'चार'ने उणे संख्या दर्शवावी की नाही, हे त्या त्या यंत्रणेवर सोडलेले आहे. लिनक्सवर इंटेलच्या प्रोसेसरसाठी ते एका प्रकारे ठरते, तर एआरएमच्या प्रोसेसरसाठी दुसऱ्या प्रकारे. जो नियम 'इंट'ला लागतो तो 'चार'ला लावला की चूक झालीच.

आकार सारखा असणे हाही पुरावा नव्हे. ६४ बिटांच्या लिनक्सवर 'लाँग' आणि 'लाँग लाँग' दोन्ही ८ बाइटांचे असतात, तरी भाषा त्यांना दोन टाइप मानते. ६४ बिटांच्या विंडोजवर 'लाँग' ४ बाइटांचाच असतो. एका ठिकाणी अपघाताने जुळलेली मापे दुसऱ्या ठिकाणी जुळत नाहीत.

शब्दांच्या क्रमाचेही तसेच आहे. 'कॉन्स्ट' म्हणजे बदलू नये अशी वस्तू आणि तारांकन म्हणजे पत्ता दर्शवणारा पॉइंटर. 'कॉन्स्ट चार तारांकन' आणि 'चार कॉन्स्ट तारांकन' यांचा अर्थ एकच : या पॉइंटरमार्फत अक्षर बदलता येणार नाही. परंतु 'चार तारांकन कॉन्स्ट' म्हटले की पॉइंटर स्वतः स्थिर होतो आणि अक्षर बदलता येते. म्हणून ड्वार्फमध्ये अशा टाइपांना सलग नाव दिलेलेच नसते. पॉइंटरची नोंद 'कॉन्स्ट'च्या नोंदीकडे बोट दाखवते, ती पुढे 'चार'च्या नोंदीकडे बोट दाखवते. डीबगर फक्त शेवटचे मूळ नाव शोधतो आणि त्यावर बाकीची साखळी रचतो.

शेवटची गोष्ट टोपणनावांची. 'टाइपडेफ' या शब्दाने एखाद्या टाइपाला दुसरे नाव देता येते. लिनक्सवरील प्रचलित ग्रंथालयात '३२ बिटांचा अनसाइन्ड' अशा अर्थाचे जे टोपणनाव आहे, ते आणखी एका टोपणनावातून जाऊन शेवटी 'अनसाइन्ड इंट'पाशी पोहोचते. डीबगर हे टोपणनाव पुसून टाकत नाही. ते लेखकाने हेतुपूर्वक दिलेले असते आणि त्यातून त्याचा उद्देश कळतो. जीडीबीत 'व्हॉटइज' ही आज्ञा टाइपडेफच्या नावावर चालवली तर एकच पायरी उलगडते. 'पीटाइप' ही आज्ञा शेवटपर्यंत नेते. नाव राखायचे आणि मूळही दाखवायचे, अशी ही व्यवस्था आहे.

मिलिंदपञ्हात भदन्त नागसेन राजा मिलिंदाला समजावून देतात की 'नागसेन' हे केवळ व्यवहारासाठी ठेवलेले नाव आहे. 'रथ' हे नाव जसे चाकाचे नव्हे, आसाचे नव्हे, तर या सर्वांच्या आधारे चालणारा संकेत आहे, तसेच ते आहे. नाव हा संकेत आहे हे ध्यानात ठेवले, की त्याच्या अक्षरांना चिकटून राहण्याचे कारण उरत नाही. मात्र व्यवहार त्या संकेतावरच चालतो, म्हणून तो सांभाळून वापरावा लागतो. डीबगर लिहिणाऱ्यांना ही दोन्ही भाने ठेवावी लागतात.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज संगणकप्रणाली लिहिण्याचे काम करतात. त्यांच्यापैकी कोणाच्या तरी हातून उद्या अर्जांची नावे ताडून पाहणारी प्रणाली लिहिली जाईल. त्यांना आमची विनंती आहे की 'नाव जुळत नाही' हा संदेश लिहिण्यापूर्वी त्यांनी तीन प्रश्न विचारावेत. हा फरक केवळ क्रमाचा आहे काय? गाळलेला शब्द अर्थ बदलतो काय? आणि दोन्ही बाजूंना आपण एकच नियम लावला आहे काय? पालकांनाही आमचे सांगणे आहे की प्रत्येक कागदावर पाल्याचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही तिन्ही पदे पूर्ण लिहावीत. पदे पूर्ण असतील, तर क्रम बदलला तरी अन्वय लावता येतो. वडिलांचे नाव गाळले, तर दोन चुलत भावंडांना वेगळे ओळखण्याचा आधारच नाहीसा होतो.