नॉप्लियस : पिलावरून ओळखलेले घराणे

तळ्याचे पाणी बारीक फडक्यातून गाळावे आणि फडक्यावर राहिलेला गाळ थोड्या पाण्यात, काचेच्या बशीत घ्यावा. झटके देत पोहणारे पांढुरके ठिपके दिसतील. त्यांपैकी शेपटीच्या दोन्ही बाजूंना अंड्यांची एकेक पिशवी बाळगणारी, मिलिमीटरभर लांबीची ती सायक्लॉप्सची मादी. नारूच्या जंतूचा वाहक म्हणून हे नाव आपल्याला ठाऊक असते. (भारत २००० साली नारूमुक्त घोषित झाला.)

तिच्या अंड्यातून निघणारे पिलू आईसारखे मुळीच नसते. अंडाकृती देह, एकच डोळा आणि उपांगांच्या अवघ्या तीन जोड्या : दोन शृंगिकांच्या, एक जबड्यांची. या तिन्ही जोड्या तो वल्ह्यांसारख्या वापरतो. हाच नॉप्लियस डिंभ. कात टाकत टाकत त्याच्या सहा अवस्था होतात. मग रूप पालटते आणि आणखी पाच वेळा कात टाकल्यावर तो प्रौढ होतो. डोळा मात्र तोच राहतो. डॅनिश निसर्गअभ्यासक ओ. एफ. म्युलर याने १७८५ मध्ये या पिलाला निराळी प्रजाती समजून ‘नॉप्लियस’ म्हटले. प्रजाती बाद झाली, नाव टिकले.

या पिलाने मोठमोठी कोडी सोडवली आहेत. खडकांना चिकटणारे बार्नेकल चुनखडी कवचामुळे पूर्वी मृदुकाय प्राण्यांत, म्हणजे शिंपल्यांच्या गटात, गणले जात. जॉन व्हॉन थॉम्प्सन याने १८३० मध्ये त्यांचे पोहणारे डिंभ दाखवले आणि ते खेकडे-कोळंबीचे आप्त ठरले. सॅक्युलिना तर खेकड्याच्या पोटाखालची नुसती पिशवी. ना पाय, ना डोळे. तिचेही पिलू नॉप्लियसच! प्रौढाने लपवलेले कूळ पिलू सांगून टाकते.

म्हणून फ्रिट्झ म्युलर याने १८६४ मध्ये, डार्विनच्या समर्थनार्थ, कवचधारींचा मूळ पूर्वज नॉप्लियससारखाच असावा असे मांडले. हे मात्र आज मान्य नाही. तो पूर्वज अनेक खंडांचा, अनेक पायांचा असावा. समान आहे ती वाढीची सुरुवात. शिवाय ही अवस्था अंड्यातही उरकता येते. त्याच बशीतल्या डॅफ्नियाची पिले आईची छोटी प्रतिकृती होऊनच बाहेर पडतात. पण तिच्याच गोतावळ्यातल्या लेप्टोडोराच्या सुप्त अंड्यांतून मात्र नॉप्लियस पोहत निघतो!

आणि नात्यांचे काय? जनुकांच्या तुलनेतून आता दिसते की कीटक ही कवचधारींच्या वंशवृक्षाचीच एक फांदी आहे. अलीकडच्या बऱ्याच अभ्यासांनुसार तर डॅफ्निया ही सायक्लॉप्सपेक्षा फुलपाखराला अधिक जवळची ठरते. बशीत ते दोघे शेजारी पोहत असले तरी.