नदीपलीकडची भावकी

लग्नाची पत्रिका लिहायला घेतली की प्रत्येक घरात एक प्रश्न निघतोच. आजोबांचे ते धाकटे भाऊ, त्यांचे पुढे काय झाले? म्हातारी माणसे सांगतात, "ते मोगलाईत गेले, मग गाठ पडली नाही."

गडचांदूरकडे या बोलण्याला इतिहास आहे. वर्धा नदीच्या एका काठाला इंग्रजांचा चांदा जिल्हा, दुसऱ्या काठाला निजामाचा राजुरा. गडचांदूर निजामाकडे. १९४८ च्या सप्टेंबरात निजामी राजवट संपली. १९५६ मध्ये राजुरा तालुका आदिलाबादमधून नांदेड जिल्ह्यात आला आणि १९५९ मध्ये चांद्यात. माणूस घरातून हलला नाही, पण तीन जिल्ह्यांचा रहिवासी झाला!

म्हणून हरवलेली फांदी शोधायची तर दोन्ही काठांचे कागद पाहावे लागतात. हा केवळ हौसेचा विषय नाही. अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि जात पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागतात. त्या दिवशी गडचांदूर हैदराबाद राज्यात होते. चुलत घराण्यातला एखादा जुना कागद सापडला, तर नातवंडांचे शिक्षण अडत नाही.

सुरुवात शाळेपासून करावी. दाखल-खारीज रजिस्टरात मुलाचे नाव, बापाचे नाव, जात आणि जन्मतारीख मिळते. जन्म-मृत्यूची नोंद पाहावी. घरातले कोणी बल्लारपूर किंवा सास्तीच्या कोळसा खाणीत लागले असेल, तर खाणीच्या रजिस्टरात बापाचे नाव आणि मूळ गाव असते. जमीन असेल तर १९५४-५५ ची खासरा पाहणी बघावी. ज्यांच्या नावे जमीनच नव्हती, त्यांना शेतीच्या कागदात शोधून उपयोग नाही.

निजामाकडील जुने कागद उर्दूत असतात. 'वल्द' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'बेवा' म्हणजे अमक्याची विधवा, 'साकिन' म्हणजे राहणार, 'कौम' म्हणजे जात. साल फसली असते. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५० म्हणजे १९४०-४१. उर्दूत 'ओ' आणि 'ऊ' एकाच अक्षराने लिहितात, म्हणून 'सोमा' हे नाव 'सूमा' असेही वाचले जाते. नाव जुळत नाही म्हणून निराश होऊ नये. जाणकाराकडून वाचून घ्यावे आणि बापाचे नाव व गाव ताडून पाहावे.

जुन्या कागदात 'महार' लिहिलेले असेल. ऑक्टोबर १९५६ मध्ये, १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला चांद्याला बाबासाहेबांनी आपल्याला नवा मार्ग दिला. तरी त्याआधीचा कागद दडवू नका, फाडू नका. आपण कोठून निघालो आणि कोठवर आलो, हे तोच सांगतो.

केवढा विरोधाभास पाहा! गावच्या शिवेचा तंटा झाला की महाराची साक्ष घेत. चांद्याकडे गावातल्या जन्म-मृत्यूची खबर कोतवाल ठाण्यात पोचवी, आणि हा कोतवाल बहुतेक ठिकाणी आपलाच माणूस. साऱ्या गावाची आठवण त्याने सांभाळली. त्याच्या स्वतःच्या वंशाची आठवण मात्र कोणी लिहिली नाही.

ती आता आपण लिहू या. आज संध्याकाळी वही घ्या, आजीजवळ बसा. तिचे माहेर, तिच्या आईचे नाव, बहिणी कोणत्या गावी दिल्या, हे विचारा. सरकारी कागदात लेकींची नावे फार थोडी आहेत. ती फक्त आजीजवळ आहेत, आणि आजी कायम राहणार नाही.