रॉक मशीन : झगमगाट, कॅसेट आणि वऱ्हाडातले चाहते

रॉक मशीन हा 1984 मध्ये मुंबईत उभा राहिलेला इंग्रजी गाण्यांचा रॉक बँड. 1993 मध्ये त्याने इंडस क्रीड असे नाव घेतले. सुरुवातीचे फेरबदल झाल्यानंतर जी फळी लोकांच्या लक्षात राहिली तिच्यात गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर आणि जयेश गांधी, बेसवर मार्क सेल्विन, कीबोर्डवर झुबिन बालापोरिया आणि ड्रमवर मार्क मेनेझिस होते. खांद्यावर रुळणारे केस, अंगाला घट्ट बसणारे कपडे, रंगीत प्रकाशझोत आणि मंचभर चाललेली धावपळ असा त्यांचा थाट होता. हिंदुस्थानी बैठकीत वाढलेल्या श्रोत्याला तो उथळ वाटणे साहजिक होते. ऐंशीच्या दशकात कॉलेजात असलेल्या हजारो मुलामुलींना मात्र त्या थाटातच संगीताचा अर्धा आनंद मिळत होता.

या भडक वेषाची लाट पश्चिमेकडून आली होती, पण तिथले आणि इथले गणित वेगळे होते. इंग्लंडमध्ये सिग सिग स्पुटनिक या बँडचा गाजावाजा पहिले गाणे बाजारात येण्याआधीच सुरू झाला. उभ्या केलेल्या केसांचे तुरे, जाळीदार मुखवटे आणि ईएमआय कंपनीने मोजलेल्या म्हणे चाळीस लाख पौंडांची बातमी, या भांडवलावर 1986 मध्ये त्यांचे पहिले गाणे ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले. त्यांच्या ‘फ्लॉन्ट इट’ या पहिल्या अल्बममध्ये तर दोन गाण्यांच्या मधली जागा जाहिरातींना विकली होती. आधी प्रसिद्धी आणि मग संगीत, अशी ती उघड मांडणी होती. मुंबईत अशी प्रसिद्धी विकत घ्यायची म्हटली तरी ती विकणारे कोणी नव्हते. टीव्ही फक्त सरकारी होता, खासगी एफएम रेडिओ नव्हता आणि कॅसेट कंपन्यांचा सारा जीव चित्रपटगीतांत अडकलेला होता. रॉक मशीनचा बोलबाला झाला तो कार्यक्रम पाहून घरी गेलेल्या माणसांच्या तोंडून. म्हणून झगमगाट हा त्यांच्या कामाचाच भाग होता. तो मंचावर दर वेळी नव्याने उभा करावा लागे.

हे काम किती अवघड होते, ते त्या काळच्या साधनांवरून कळते. परदेशी वाद्यांवर भारी आयातशुल्क असे. चांगली इलेक्ट्रिक गिटार एक तर जहाजावर नोकरी करणाऱ्या कोणाकडून यायची, नाही तर परदेशातल्या नातेवाइकाच्या सामानातून. रॉकमधला गिटारचा फाटका, जाडसर आवाज बिघाडातून येत नाही. ॲम्प्लिफायरला त्याच्या कुवतीबाहेर ताणले की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरावर उपस्वरांची दाटी होते. त्यासाठी त्या जातीचा ॲम्प्लिफायर लागतो. आपल्याकडे भाड्याने मिळायची ती सभेची ध्वनियंत्रणा. तिचा भोंगा माणसाचे बोलणे लांबवर ऐकू जावे म्हणून बनवलेला असतो, आणि काही शे हर्ट्झच्या खालचे स्वर तो जवळजवळ गिळून टाकतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे 41 हर्ट्झला वाजते. भाषणाच्या भोंग्यातून ऐकणाऱ्याला ती तार वाजते आहे याचा पत्ताही लागत नाही. वऱ्हाडात लग्नाच्या मांडवापासून निवडणुकीच्या जीपपर्यंत हाच भोंगा चाले, त्यामुळे छातीत घुमणारा बेस म्हणजे काय, याचा अनुभव इथे फार उशिरा आला. रॉक मशीनने ध्वनी आणि प्रकाशाच्या मांडणीवर गाण्याइतकेच कष्ट घेतले, ते याच कारणाने.

मुंबईत या संगीताला हक्काची जागा होती धोबी तलावाजवळचे रंगभवन. झेवियर्स कॉलेजच्या शेजारचे हे खुले नाट्यगृह. 1978 मध्ये सुरू झालेल्या जाझ यात्रेने ते गाजवले होते आणि 1986 मध्ये तिथे इंडिपेंडन्स रॉक हा मेळा सुरू झाला. श्रोते तिथे परदेशी बँडची गाणी हुबेहूब ऐकायला येत. मूळ गाण्यातला गिटारचा तुकडा सुरासुराने जुळला की टाळ्या, स्वतःचे गाणे सुरू केले की हुल्लड, असा रिवाज होता. रॉक मशीनची सुरुवातही परक्या गाण्यांवरच झाली. पुढे ती सोडून देऊन त्यांनी स्वतःच्या रचनांचाच कार्यक्रम करायचे ठरवले. या बँडच्या कारकिर्दीतला सर्वांत धाडसी निर्णय हाच म्हणावा लागेल. केस आणि कपडे कोणालाही उचलता येतात. ओळखीच्या गाण्यासाठी ओरडणाऱ्या गर्दीला अनोळखी गाणे ऐकायला लावणे ही खरी हिंमत. 1988 मध्ये ‘रॉक अँड रोल रेनिगेड’ आणि 1990 मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे त्यांचे दोन अल्बम आले आणि देशभरातल्या कॉलेज महोत्सवांत त्यांची स्वतःची गाणी ओरडून मागितली जाऊ लागली.

अकोला आणि अमरावतीपर्यंत हे संगीत पोहोचले ते रेल्वेने. मुंबई–हावडा मार्गावर मुंबईहून अकोला सुमारे 580 किलोमीटर, आणि अमरावतीसाठी उतरायचे ते पुढे बडनेऱ्याला. विदर्भ एक्सप्रेसने किंवा हावडा मेलने दिवाळीच्या सुट्टीत घरी येणारी इंजिनिअरिंगची, मेडिकलची मुले सामानात कॅसेटी आणत. एक मूळ कॅसेट, तिच्यावरून टू-इन-वनवर किंवा रेकॉर्डिंगच्या दुकानात दुसरी, दुसरीवरून तिसरी. प्रत्येक प्रतीत टेपचा खरखराट वाढतो आणि वरच्या पट्टीतले आवाज झिजतात. ड्रमच्या झांजा आधी जातात, मग शब्दांतले ‘स’ आणि ‘श’ बोथट होतात. तिसऱ्या प्रतीत उरे तो मधल्या पट्टीचा घट्ट गोळा. वऱ्हाडातल्या कित्येकांचे रॉक मशीन म्हणजे हा गोळा. इंग्रजी शब्द धड कळत नसत, वेष दिसत नसे, प्रकाशझोत तर नाहीच. तरीही ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावली जाई.

इथल्या मंचावर त्या वेळी ऑर्केस्ट्राचे राज्य होते. गणेशोत्सवात आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये किशोरकुमारचा आवाज काढणारा गायक, ऑक्टोपॅड वाजवणारा एखादा हौशी आणि चमकीचा कोट घातलेला निवेदक एवढ्यावर मैदान भरे. लग्नाच्या वरातीत बँडपार्टीचे लाल कोट, सोनेरी झालर आणि ट्रंपेट. म्हणजे भपक्याचे वावडे वऱ्हाडाला कधीच नव्हते. नव्हती ती स्वतः रचलेली गाणी घेऊन मंचावर चढणाऱ्या तरुणांची टोळी. 1983 मध्ये अमरावती विद्यापीठ स्थापन झाले आणि अकोल्याची महाविद्यालयेही त्याला जोडली गेली. विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकनृत्य आणि भारूडाच्या बरोबरीने पाश्चात्य गायन आणि पाश्चात्य समूहगानाच्या स्पर्धा असतात. गिटारवर इंग्रजी गाणे म्हणणाऱ्या मुलांना या भागात जाहीर मंच मिळाला तो बहुतेक अशा स्पर्धांतून.

नव्वदच्या दशकात गल्लोगल्ली केबल आली. 1991 मध्ये स्टार टीव्हीबरोबर एमटीव्ही आशिया सुरू झाले आणि ज्यांच्याकडे केबलची तार पोहोचली त्यांना बँडचे चेहरे घरबसल्या दिसू लागले. ‘टॉप ऑफ द रॉक’ची चित्रफीत गाजली आणि 1993 मध्ये ‘प्रिटी चाइल्ड’ला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियाई प्रेक्षकांची पसंती मिळाली. त्याच सुमारास रॉक मशीन हे नाव सोडले गेले. ते नाव जगात कुठल्याही शहरातल्या कुठल्याही बँडला शोभले असते, आणि आता त्यांच्या रचनांत या मातीतले सूर आणि ताल शिरू लागले होते. 1995 मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. संगीत म्हणून तो आधीच्या दोन्हींपेक्षा प्रगल्भ आहे. पण त्याच वर्षी अलिशा चिनॉयच्या ‘मेड इन इंडिया’ने बाजाराची दिशा पालटून टाकली. संगीत कंपन्यांना आणि वाहिन्यांना हिंदी पॉपमध्ये पैसा दिसला, इंग्रजीत गाणाऱ्या भारतीय बँडसाठी दारे मिटत गेली आणि 1997 मध्ये इंडस क्रीड थांबला. बेनेगल आणि जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले आणि तिथे त्यांनी आम्स फॉर शांती हा बँड काढला.

चाहत्यांच्या आठवणींत आज दोन तट दिसतात. ज्यांनी रॉक मशीनला रंगभवनात किंवा एखाद्या आयआयटीच्या महोत्सवात प्रत्यक्ष पाहिले, त्यांच्या लेखी अल्बम म्हणजे त्या रात्रींची पुसट नक्कल. ध्वनिमुद्रण सपाट आहे, ड्रम दबलेले आहेत, मंचावरची ताकद त्यात उतरलेली नाही, अशी त्यांची तक्रार असते आणि ती बरीचशी खरी आहे. ज्यांनी फक्त कॅसेटवर ऐकले, आणि वऱ्हाडातले बहुतेक चाहते याच गटातले, त्यांच्यासाठी बँड म्हणजे चाल, गिटारचे तुकडे आणि बेनेगलचा चढा, स्वच्छ आवाज. वेषभूषेची जुनी छायाचित्रे पाहून पहिला गट हसतो. दुसऱ्या गटाला ती छायाचित्रे कित्येक वर्षांनी प्रथमच पाहायला मिळाली, आणि इतकी वर्षे मनात धरलेले चित्र त्यांच्याशी जुळेना. हा बँड नुसती नक्कल करणारा होता, हा आरोप दोन्ही गटांना ऐकावा लागतो. वेष उसना होता, पहिल्या काळातला गाण्यांचा बाजही उसना होता, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या देशात इंग्रजी गाण्याचा श्रोता फक्त मूळ गाण्याची प्रत मागत होता, तिथे स्वतः रचून गाणे हा पायंडा या बँडने ठामपणे पाडला. पुढच्या पिढीतले कितीतरी बँड त्याच वाटेने गेले.

रंगभवनाचा आवाजही दरम्यान बंद झाला. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालये, शाळा-कॉलेजे आणि न्यायालयांभोवतीचा 100 मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरला, आणि कॉलेज व रुग्णालयांच्या सान्निध्यातले ते खुले नाट्यगृह त्यात सापडले. इंडस क्रीड मात्र 2010 मध्ये पुन्हा एकत्र आला. बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया या जुन्या तिघांना बेसवर रुशद मिस्त्री आणि ड्रमवर जय रो कवी हे तरुण साथीदार मिळाले. 2012 मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. त्याचे ध्वनिमिश्रण टिम पामर या ब्रिटिश निर्मात्याने केले. त्यातल्या रचना लांब आणि वळणाच्या आहेत, झगमगाट जवळपास नाही. आणि बेस गिटारची सर्वांत जाड तार साध्या हेडफोनवरही स्पष्ट ऐकू येते.