विमानाच्या खेळासाठी संगणक व पडदा कसा निवडावा

छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळापासून नागपूरच्या विमानतळापर्यंत नकाशावर पट्टीने सरळ रेघ ओढली, तर ती आमच्या साखरखेर्ड्याच्या जवळून जाते. नागपूरकडे जाणाऱ्याच्या उजव्या हातास प्रथम सिंदखेडराजा राहते व पुढे लोणारचे सरोवर. हे आम्हांस भूगोल शिकविताना कधी सुचले नव्हते. आठवीतल्या एका विद्यार्थ्याने ते आम्हांस दाखविले. मामाच्या घरी सुटीत गेला असता संगणकावर विमान चालविण्याचा खेळ त्याने पाहिला, आणि तेव्हापासून त्याच्या वहीच्या मागच्या पानांवर उड्डाणांच्या दिशा व अंतरे लिहिलेली आढळू लागली.

दिवाळीनंतर त्याचे वडील आमच्याकडे आले. सोयाबीनचे पैसे हाती आले होते. खत, बियाणे व सोसायटीचे देणे वजा जाता थोडी रक्कम उरत होती, आणि तिच्यावर मुलाचा डोळा होता. त्यांच्या हातात शहरातील एका दुकानदाराने दिलेली अंदाजपत्रकाची चिठ्ठी होती. ते म्हणाले, "सर, हे खेळणं आहे की शिक्षण, ते तुम्ही सांगा. शिक्षण असेल तर घेतो. पण पैसे एकदाच आहेत."

प्रश्न सरळ होता आणि त्याचे उत्तर अर्धे अर्धे होते. ज्यांस सिम्युलेशन म्हणतात ते खेळ म्हणजे खऱ्या वस्तूचे वागणे गणिताने वठविणे होय. त्यांचा उगमही शिक्षणातच आहे. अमेरिकेतील एडविन लिंक याच्या वडिलांचा पियानो व ऑर्गन बनविण्याचा कारखाना होता. प्रार्थनामंदिरातील बाजाच्या पेटीत जसा भाता असतो, तसे भाते वापरून त्याने १९२९ साली जमिनीवरच डोलणारे व वळणारे एक लहान विमान तयार केले. आरंभी लोकांनी ते जत्रेतील करमणूक समजून सोडून दिले. १९३४ साली अमेरिकेत हवाई टपाल नेण्याचे काम लष्कराकडे आले, आणि अंधारात व धुक्यात केवळ यंत्रांवरून विमान चालविण्याचा सराव नसल्याने काही आठवड्यांतच कित्येक वैमानिक प्राणास मुकले. तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रे विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात पाच लाखांवर वैमानिक अशा यंत्रांवर तयार झाले. आज मुले जो खेळ खेळतात तो ह्याच यंत्राचा वंशज. तेव्हा आम्ही त्या गृहस्थांस सांगितले की, मुलगा खेळेलच, परंतु खेळता खेळता दिशा, वेग, वारा व उंची ह्यांचा हिशेबही करील. मग चिठ्ठी उलगडली.

चिठ्ठीत सर्वांत मोठी रक्कम पडद्याची होती: अठ्ठावीस इंची, फोर-के. पुढे रंगीत दिव्यांची काचेची पेटी. प्रोसेसरपुढे केवळ 'आय-फाइव्ह' एवढेच लिहिले होते. कोणत्या पिढीचा, ह्याचा उल्लेख नव्हता. ग्राफिक्स कार्डाचे नावच नव्हते. लूककृत शुभवर्तमानात बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला आहे. तो आधी बसून खर्चाचा अंदाज घेतो. येथे अंदाज झाला होता खरा, पण बुरुजाच्या पायाचा नव्हे, कळसाचा.

हे आम्ही दुसऱ्यास हसण्यासाठी लिहीत नाही. हीच चूक आम्ही स्वतः काही वर्षांपूर्वी केली आहे. मोठा, अतिशय स्वच्छ पडदा घेतला आणि संगणक मात्र कार्यालयीन कामापुरता. धावपट्टीवरून विमान सुटले की चित्र थबकत थबकत पुढे सरके, जुन्या काळी मिशनच्या सभांतून मॅजिक लँटर्नची चित्रे एकामागून एक दाखवीत तसे.

असे का होते ते समजून घेतले म्हणजे पुढची सारी निवड सोपी होते. पडद्यावरील चित्र ठिपक्यांचे असते. फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० व उभे १०८० ठिपके, म्हणजे एकूण २०,७३,६००. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे ८२,९४,४००, बरोबर चौपट. विमान सुरळीत उडते आहे असे डोळ्यांस वाटण्यासाठी सेकंदाला निदान ३० चित्रे लागतात. म्हणजे फुल एचडीत सेकंदाला सुमारे ६ कोटी २२ लाख ठिपके रंगवावे लागतात आणि फोर-केत सुमारे २४ कोटी ८८ लाख. हे रंगविण्याचे काम ग्राफिक्स कार्डाचे. पडदा स्वतः काहीच रंगवीत नाही. तो केवळ भिंत आहे. भिंत चौपट केली आणि रंगारी तोच ठेवला तर काम रेंगाळणारच. खेळ लहान मापात रंगवून मोठ्या पडद्यावर पसरता येतो हे खरे. पण मग मोठ्या पडद्याचे पैसे कशासाठी दिले?

रंगाऱ्याच्या आधी एक गणिती काम करीत असतो, तो प्रोसेसर. विमान कोठे आहे, वारा कोणत्या बाजूचा, पंखांवर दाब किती, हे प्रत्येक क्षणी तोच ठरवितो. धावपळीच्या इतर खेळांपेक्षा सिम्युलेशनमध्ये त्याचे काम अधिक असते. त्यात एक अडचण अशी की, ही आकडेमोड सर्व कोअरमध्ये सारखी वाटता येत नाही. बराच भार एकाच कोअरवर पडतो. म्हणून कोअर किती आहेत एवढेच विचारू नये, प्रोसेसर कोणत्या पिढीचा आहे हे विचारावे. दहा वर्षांपूर्वीचा आय-सेव्हन हा आजच्या साध्या प्रोसेसरपुढे मागे पडतो.

आता खेळाची अट काय ते पाहावे, कारण संगणक खेळासाठी घ्यावयाचा आहे. मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर ऑगस्ट २०२० मध्ये निघाला. त्याची किमान अट ८ जीबी रॅम व जीटीएक्स ७७० अथवा आरएक्स ५७० ह्या तोडीचे कार्ड अशी होती. चांगला चालण्यासाठी १६ जीबी रॅम व जीटीएक्स ९७० किंवा आरएक्स ५९०. साठवणीची जागा १५० जीबी. नोव्हेंबर २०२४ मध्ये निघालेल्या पुढच्या आवृत्तीस रॅमच किमान १६ जीबी लागते, आणि भूप्रदेशाची चित्रे ती इंटरनेटवरून सतत ओढीत असते. ह्या दीडशे जीबींचा हिशेब आम्ही वर्गात घातला होता. ज्याच्या मोबाइलला दररोज २ जीबी डेटा मिळतो, त्याने दुसरे काहीही न पाहता हा खेळ उतरवून घेण्यास ७५ दिवस लागतील! घरी तारेचे इंटरनेट नसेल, तर उत्तम संगणक आणूनही हा खेळ पेटीबाहेर निघणार नाही.

ह्याउलट फ्लाइटगिअर नावाचा खेळ आहे. जगभरच्या हौशी लोकांनी १९९७ पासून तो विनामूल्य वाढवीत आणला आहे. त्याची चित्रे तितकी मोहक नाहीत, हे मान्य केले पाहिजे. पण वारा, वजन व यंत्रे ह्यांची आकडेमोड पुष्कळ काटेकोर आहे, तो साध्या संगणकावर चालतो, आणि हव्या त्या भागाचा भूप्रदेश आधी उतरवून ठेवता येतो. आमच्या मते गावातील मुलाने आरंभ ह्यानेच करावा. वर्षभरात हौस टिकली तर पुढचे पाहता येईल. न टिकली तर संगणक इतर कामास आहेच.

एवढे ठरल्यावर आम्ही चिठ्ठी नव्याने लिहिली. ग्राफिक्सची सोय आतच असलेला प्रोसेसर घ्यावा. रायझेन ५ ५६००जी हा त्यांपैकी एक. त्यामुळे वेगळे कार्ड आज घ्यावे लागत नाही. मायक्रोसॉफ्टच्या खेळाची अट मात्र ह्याने पुरी होत नाही, हे मुलास आधीच सांगून ठेवावे, म्हणजे पुढे रुसवा नको. असा प्रोसेसर चित्रांसाठीही रॅमच वापरतो. यास्तव १६ जीबीची एक पट्टी न घेता ८ जीबीच्या दोन घ्याव्यात. दोन पट्ट्या म्हणजे विहिरीवर दोन मोटा; पाणी तेवढेच, पण दोन्हीकडून येते. दुकानदार पुष्कळदा एकच पट्टी बसवून देतो. साठवणीसाठी निदान ५१२ जीबीची एसएसडी असावी. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क ह्या कामास नको.

आणि एसएमपीएस. पेटीबरोबर जणू फुकट मिळणारा एसएमपीएस घेऊ नये. पुढे कार्ड बसविण्याचा दिवस आला तर सारा भार त्याच्यावर पडतो, आणि तो हलका असेल तर जाताना दुसऱ्यासही घेऊन जातो. नामांकित कंपनीचा ४५० ते ५०० वॉटचा पुरे. दिव्यांच्या पेटीतून वाचलेले पैसे येथे घालावेत. पेटी साधी पत्र्याची असावी, समोरून हवा आत येणारी. वैशाखात आमच्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा काचेच्या पेटीचे सौंदर्य पाहण्यास यंत्र शिल्लक राहिले पाहिजे.

कित्येक पालक विचारतात की, कार्यालयातून निघालेला जुना संगणक घेऊन त्यात कार्ड बसविले तर? मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असे संगणक पुष्कळ मिळतात व स्वस्त असतात. वाईट विचार नाही. पण तीन गोष्टी पाहाव्यात. पेटी अरुंद असेल तर तीत बुटकेच कार्ड मावते. आतील एसएमपीएसला कार्डासाठी वेगळी तार बहुधा नसते. मग मदरबोर्डाच्या खाचेतून मिळणाऱ्या ७५ वॉटवर भागणारे, उदाहरणार्थ जीटीएक्स १०५० टीआयचे बिनतारेचे मॉडेल घ्यावे लागते. आणि तिसरी गोष्ट, विंडोज १० ची सेवा मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली आहे. विंडोज ११ साठी इंटेलचा सहसा आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याहून जुना असल्यास लिनक्स घालावे. फ्लाइटगिअर त्यावरही चालतो. पावती व निदान काही महिन्यांची हमी नसेल तर स्वस्त वस्तू घेऊ नये.

राहिला पडदा. आम्ही त्या गृहस्थांस विचारले, घरी टीव्ही कसा आहे? सपाट, एचडीएमआयचे भोक असलेला, दोन वर्षांपूर्वी घेतलेला, असे उत्तर आले. मग पहिले सहा महिने पडदा घेऊच नये, असे आम्ही सुचविले. एचडीएमआयची तार लावावी आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असल्यास तो चालू करावा. त्याने हात हलविणे व चित्र हलणे ह्यांतील विलंब कमी होतो. आईच्या मालिकेच्या वेळी विमान जमिनीवर राहील, ह्यात मुलाच्या अभ्यासाचाही लाभ आहे.

ज्यांस पडदा घेणे भाग आहे त्यांनी बावीस ते चोवीस इंची फुल एचडी घ्यावा. त्याहून मोठ्या पडद्यावर तेच ठिपके जाड दिसू लागतात. आयपीएस जातीचा घ्यावा. बाजूस बसलेल्या धाकट्या भावासही रंग नीट दिसतात. १४४ किंवा १८० हर्ट्झचा मोह नको. संगणक सेकंदाला ४० चित्रे देत असेल, तर असा पडदा तीच चित्रे पुन्हा पुन्हा दाखवील. चित्रांची संख्या कमीजास्त होत असता तिच्याशी जुळवून घेणारी फ्रीसिंक नावाची सोय मात्र कामाची आहे, आणि आता स्वस्त पडद्यांतही ती आढळते. जुना पडदा कोणाकडून मिळत असेल तर मागील बाजू पाहावी; त्यास केवळ व्हीजीएचे भोक असेल तर नव्या कार्डास तो सरळ जोडता येत नाही.

वीज कशी जाते हे आमच्या वाचकांस सांगावयास नको. ६०० व्हीएचा लहान यूपीएस अशा संगणकास पुरतो. त्यावर तासभर खेळावयाचे नाही, नीट बंद करावयाचे. तीन पिनांचे अर्थिंग खरोखर जमिनीत गेले आहे की नुसते भोक आहे, हे वायरमनकडून पाहून घ्यावे. जॉयस्टिक आज नको. माउस व कळफलकावर विमान सरळ उतरविता आले की मग.

नवी बेरीज जुन्या चिठ्ठीच्या निम्म्याहून थोडी अधिक झाली. गृहस्थ बराच वेळ ती पाहत बसले. मग म्हणाले, "म्हणजे पोराचंही झालं आणि बियाण्याला हात लागला नाही." मुलगा फोर-केच्या नावाने किंचित खट्टू दिसला, ते स्वाभाविक होते.

संगणक आल्यावर त्याने सेसना १७२ हे लहान विमान घेऊन संभाजीनगरहून उड्डाण केले. त्या विमानाचा वेग ताशी सुमारे २२० किलोमीटर. नागपूरचे अंतर सरळ रेषेत सुमारे ४०० किलोमीटर, म्हणजे दोन तासांच्या आत. अर्ध्या तासाने साखरखेर्डे खाली यावयास हवे, असा त्याने वहीत हिशेब केला होता. पण पश्चिमेचा वारा धरावयाचा तो विसरला, आणि आपले गाव मागे पडल्याचे त्यास पुढे कळले. दुसऱ्या दिवशी शाळा भरण्यापूर्वी तो वही घेऊन आमच्या टेबलापाशी उभा होता: वाऱ्याचा वेग बेरजेत कसा घ्यावयाचा, हे विचारण्यासाठी.