वायफायच्या डब्यामागचं यूएसबी पोर्ट कशासाठी असतं? पेनड्राईव्ह लावण्याआधी हे वाचा

बुलडाणा : फायबरचं नेट आता फक्त तालुक्याच्या गावापुरतं राहिलेलं नाही. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना केंद्र सरकारने २०११ मध्ये मंजूर केली, २०१५ पासून तिला भारतनेट म्हणतात. त्यानंतर खासगी कंपन्याही गावागावांत आल्या. घाटावर असो की घाटाखाली, भिंतीवर दिवे लुकलुकणारा वायफायचा डबा, म्हणजे राऊटर, आता बऱ्याच घरांत दिसतो. पण त्या डब्याच्या मागं किंवा बाजूला चौकोनी, चपटं एक यूएसबी पोर्ट असतं, त्याकडं कोणाचं लक्ष जात नाही. गेलंच तर त्यात मोबाईलची चार्जिंग वायर खुपसलेली असते.

ते पोर्ट चार्जिंगसाठी नाही. त्यात पेनड्राईव्ह लावला की त्यातले फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं घरातल्या सगळ्या मोबाईलवर, टीव्हीवर, कॉम्प्युटरवर वायफायवरून दिसू शकतात. एकच पेनड्राईव्ह, पण सगळ्या घराचा. आणि महत्त्वाचं म्हणजे यासाठी इंटरनेटचा डेटा लागत नाही. फाईल पेनड्राईव्हमधून राऊटरमध्ये आणि राऊटरमधून तुमच्या मोबाईलमध्ये येते, घराबाहेर जातच नाही. रस्त्याच्या कामात जेसीबीनं केबल तोडली आणि दोन दिवस नेट बंद राहिलं, तरी डब्याला लाईन असेल तर लग्नाचा व्हिडिओ टीव्हीवर चालतो.

मोबाईलची मेमरी भरली की आपण काय करतो? जुने फोटो डिलीट. आजीचा फोटो, पोराच्या जावळाचा व्हिडिओ, शेतात पहिल्यांदा ठिबक बसवलं तेव्हाचा फोटो, सगळं गुड मॉर्निंगच्या मेसेजसोबत उडून जातं. त्यापेक्षा ते एका जागी ठेवता आलं तर बरं. फक्त ते कसं ठेवायचं आणि कोणासाठी उघडं ठेवायचं, यात गफलत झाली तर आधारकार्डापासून बँक पासबुकापर्यंत सगळं दुसऱ्याच्या हाती जाऊ शकतं.

आधी पेनड्राईव्ह

राऊटर म्हणजे एक छोटा, साधा कॉम्प्युटरच. त्याला सगळ्या प्रकारचे पेनड्राईव्ह वाचता येत नाहीत. ‘फॅट३२’ या पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेनड्राईव्ह जवळपास सगळ्या राऊटरला समजतो. ‘एनटीएफएस’ बऱ्याच राऊटरला चालतं, ‘एक्सफॅट’ मात्र जुन्या डब्यांना सहसा कळत नाही. फॅट३२ ची एक अडचण आहे : ४ जीबीपेक्षा मोठी एकच फाईल त्यात बसत नाही. फोटोंना त्याचा काही फरक पडत नाही, पण लग्नाच्या शूटिंगची मोठी फाईल अडकते. फॉरमॅट केलं की आतलं सगळं पुसलं जातं, म्हणून आधी दुसरीकडं कॉपी करून घ्या.

मोठी हार्डडिस्क लावायची असेल तर थांबा. साध्या यूएसबी २.० पोर्टमधून ५ व्होल्ट आणि ५०० मिलीअँपियर इतकीच वीज मिळते. फिरत्या हार्डडिस्कला सुरू होताना यापेक्षा जास्त लागू शकते. मग डिस्क नुसती टकटक आवाज करते, कधी राऊटरच बंद-चालू होत राहतो आणि आपण नेटवाल्याला शिव्या घालतो. अशा वेळी स्वतःचं अडॅप्टर असलेली डिस्क घ्यावी, नाहीतर पेनड्राईव्हवरच भागवावं. घरच्या फोटोंना ६४ जीबीचा पेनड्राईव्ह बरेच दिवस पुरतो.

राऊटरमध्ये काय करायचं

पेनड्राईव्ह लावा. मोबाईल त्याच वायफायला जोडा. ब्राऊझरमध्ये वर, जिथं वेबसाईटचं नाव टाकतो तिथं, राऊटरचा पत्ता टाका. तो डब्याच्या खालच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. बहुतेक वेळा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, जिओफायबरला १९२.१६८.२९.१. आकडे इंग्रजीतच टाकायचे. यूजरनेम-पासवर्डही स्टिकरवर सापडतो. आत गेल्यावर ‘यूएसबी’, ‘स्टोरेज’, ‘फाईल शेअरिंग’ किंवा ‘सांबा’ असा पर्याय शोधा आणि तो चालू करा.

हे ‘सांबा’ म्हणजे शोलेतला नव्हे! कॉम्प्युटर एकमेकांशी फाईल वाटून घेतात त्या भाषेचं नाव ‘एसएमबी’. ऑस्ट्रेलियातल्या अँड्र्यू ट्रिजेल यांनी नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यासाठी मोफत सॉफ्टवेअर बनवलं, आणि एस-एम-बी ही अक्षरं असलेला शब्द शोधताना त्यांना ‘सांबा’ सापडला. आज बऱ्याच राऊटरमध्ये तेच चालतं.

तिथंच पासवर्ड ठेवायला विसरू नका. ‘गेस्ट’ किंवा ‘अनॉनिमस’ असा पर्याय चालू असेल तर बंद करा. राऊटरच्या सेटिंगचा मूळ पासवर्ड ‘अॅडमिन’ असेल तर तोही बदला. बाकी सेटिंगला हात लावू नका. डब्याच्या मागचं बारीक रीसेटचं बटण तर चुकूनही दाबू नका. त्यानं कंपनीनं भरलेली माहिती पुसली जाऊ शकते आणि मग कंपनीचा माणूस येईपर्यंत नेट बंद.

मोबाईलवर बघायचं कसं? व्हिडिओसाठी व्हीएलसी अॅप सोपं. त्यातल्या ‘ब्राऊज’मध्ये ‘लोकल नेटवर्क’खाली राऊटर दिसतो. फोटो आणि पीडीएफसाठी नेटवर्कची सोय असलेलं फाईल मॅनेजर लागतं. सॅमसंगच्या ‘माय फाइल्स’मध्ये ‘नेटवर्क स्टोरेज’ जोडता येतं. आयफोनच्या ‘फाइल्स’ अॅपमध्ये वरच्या तीन टिंबांत ‘कनेक्ट टू सर्व्हर’ मिळतं. पुष्कळ स्मार्ट टीव्ही स्वतःच राऊटर शोधतात, त्यासाठी राऊटरमध्ये ‘मीडिया सर्व्हर’ किंवा ‘डीएलएनए’ चालू असावं लागतं. मात्र चालू करण्याआधी एक लक्षात घ्या, या वाटेनं फोटो-व्हिडिओ सहसा पासवर्ड न विचारताच दिसतात.

वेगाची फार अपेक्षा ठेवू नका. डब्यातला प्रोसेसर लहान असतो. सिनेमा आरामात चालतो, पण हजार फोटो एकदम कॉपी करायला बसलात तर तोवर चहा पिऊन, जनावरांना चारा टाकून येता येईल.

नवीन कॉम्प्युटरवर दिसत नसेल तर

राऊटर जुना आणि कॉम्प्युटर नवा असला की ही अडचण हमखास येते. जुन्या राऊटरला एसएमबीची पहिली आवृत्तीच येते आणि २०१७ च्या अखेरीपासून विंडोजच्या नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ती सहसा बंदच असते. त्यामागं कारण आहे. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ व्हायरसनं याच जुन्या भाषेतल्या भोकातून जगभरचे कॉम्प्युटर कुलूपबंद करून खंडणी मागितली. पुढच्याच महिन्यात तसाच दुसरा हल्ला झाला, तेव्हा आपल्या न्हावा शेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. यूट्यूबवर ‘एसएमबी वन चालू करा’ सांगणारे ढीगभर व्हिडिओ आहेत. आमचं मत विचाराल तर करू नका. मोबाईलवर काम भागत असेल तर भागवा, नाहीतर पेनड्राईव्ह काढून सरळ कॉम्प्युटरला लावा.

वायफायचा पासवर्ड दिला, म्हणजे वाट दाखवली

गावात वायफायचा पासवर्ड म्हणजे पाण्याचा तांब्या, कोणी मागितला की देतोच. शेजारचं पोरगं ऑनलाईन फॉर्म भरायला येतं, पाहुणे येतात, मजूर येतात. पण राऊटरला पासवर्ड नसलेला पेनड्राईव्ह लावलेला असेल, तर वायफाय मिळालेला प्रत्येक जण तो उघडू शकतो. नुसता बघू नाही, पुसूही शकतो. त्यासाठी राऊटरमध्ये ‘गेस्ट नेटवर्क’ असेल तर ते चालू करून पाहुण्यांना तेवढंच द्या. त्यावर नेट चालतं, पण घरातली बाकी यंत्रं सहसा दिसत नाहीत. चालू केल्यावर दुसऱ्याच्या मोबाईलवरून एकदा तपासून बघा.

याहून मोठा धोका बाहेरचा. पोरगं पुण्याला कंपनीत, त्याला तिथून घरचे फोटो बघायचे असतात. मग कोणीतरी सांगतं, राऊटरमध्ये ‘रिमोट अॅक्सेस’ किंवा ‘एफटीपी’ चालू कर. तसं केलं म्हणजे घराचं दार हायवेवर उघडलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये आसूस कंपनीच्या राऊटरबाबत हेच झालं होतं. राऊटरला जोडलेल्या डिस्क इंटरनेटवरून कोणीही उघडू शकत होतं. हॅकरनी १२,९०० पेक्षा जास्त ग्राहकांच्या डिस्कमध्ये शिरकाव केला आणि ‘तुमची कागदपत्रं जगाला दिसत आहेत’ अशा अर्थाची सूचनेची फाईलच तिथं ठेवून दिली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं कंपनीवर कारवाई केली. २०१६ मध्ये तडजोड झाली, त्यात पुढची २० वर्षं स्वतंत्र तपासणी करून घेण्याची अट घातली गेली.

पुण्याच्या पोराला फोटो गुगल ड्राईव्हवरून पाठवा. प्रत्येक खात्याला १५ जीबी जागा फुकट मिळते, तेवढी बास.

लाईन जाते, त्याचं काय?

आपल्याकडं हाच खरा प्रश्न. पेनड्राईव्हवर फाईल लिहिली जात असताना लाईन गेली तर ती फाईल खराब होते, कधी अख्खा पेनड्राईव्हच ‘फॉरमॅट करा’ म्हणतो. राऊटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो घ्यायला हरकत नाही. घेताना अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर जुळतात का ते बघा, बरेच डबे १२ व्होल्टचे असतात. पेनड्राईव्ह काढतानाही आधी सेटिंगमध्ये ‘सेफली रिमूव्ह’ करा, नाहीतर राऊटर बंद करून मग काढा.

आणि पेनड्राईव्ह कधी ना कधी जातोच, म्हणून त्यावर एकुलती एक प्रत ठेवू नका. सातबारा गेला तर महाभूमीच्या पोर्टलवर १५ रुपयांत डिजिटल सहीचा पुन्हा मिळतो. आधार डिजिलॉकरमध्ये मिळतं, ते मोबाईलवर दाखवलं तरी कायद्यानं चालतं. जुने फोटो मात्र कुठल्याच कार्यालयात मिळत नाहीत. त्यांची दुसरी प्रत दुसऱ्या पेनड्राईव्हवर करून कपाटात ठेवा. आधार-पासबुकाचे फोटो तर राऊटरच्या पेनड्राईव्हवर ठेवूच नका, त्याची गरजच नाही.

सेवा केंद्र चालवणाऱ्यांसाठी

काही राऊटरला यूएसबी प्रिंटरही जोडता येतो, मग दुकानातल्या दोन-तीन कॉम्प्युटरवरून एकाच प्रिंटरवर प्रिंट निघते. पण राऊटरमध्ये ‘प्रिंट सर्व्हर’ हा पर्याय असायला हवा, आणि कंपनीकडून फुकट आलेल्या डब्यांत तो असेलच असं नाही. ऑल-इन-वन प्रिंटर असेल तर प्रिंट निघते, स्कॅनिंग मात्र बहुतेक वेळा चालत नाही. मोबाईलवरून थेट प्रिंट हवी असेल तर वायफाय असलेला प्रिंटर घेणं सोपं.

अंगठ्याचं मशीन राऊटरला लावायच्या भानगडीत पडू नका. ते ज्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर आधारचं काम चालतं त्यालाच थेट लावावं लागतं. दुकानातल्या गिऱ्हाईकांना वायफाय देत असाल, तर त्यांच्या स्कॅन केलेल्या कागदांचा फोल्डर त्याच नेटवर्कवर नको.

राऊटरला यूएसबी पोर्टच नसेल, किंवा असूनही सेटिंगमध्ये काही दिसत नसेल, तर केवळ यासाठी नवा डबा घेण्यात अर्थ नाही. बाजारात स्वस्तात ओटीजी कनेक्टर मिळतो. तो मोबाईलला लावायचा, त्यात पेनड्राईव्ह घालायचा आणि फोटो कॉपी करायचे. सगळ्यांना एकदम दिसणार नाहीत, आळीपाळीनं दिसतील एवढंच.