हजेरीपटापलीकडचे आरोग्य

१९७८ सालच्या फेब्रुवारीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने बंगलोर पाणीपुरवठा मंडळाच्या प्रकरणात निकाल देताना, न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांच्या लेखणीतून, विद्यापीठ हादेखील औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने उद्योगच होय असे ठरविले. आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात इंग्लंडमधील बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या वैद्यक शाखेत छायाचित्रणाचे काम करणारी एक स्त्री देवीच्या रोगाने मृत्यू पावली. या दोन घटनांचा परस्परांशी काडीचाही संबंध नव्हता. तथापि विद्यापीठात पोटासाठी चाकरी करणाऱ्या माणसाला त्याच्या कामापासून अपाय होऊ नये म्हणून कोणी, केव्हा आणि कितपत तजवीज केली, याचा शोध घेऊ लागले म्हणजे हे वर्ष वारंवार वाटेत येते, कारण त्याच्या अलीकडची आणि पलीकडची व्यवस्था यांत मोठे अंतर पडलेले दिसते.

त्यापूर्वी विद्यापीठाकडे पाहण्याची दृष्टी निराळी होती. दिल्ली विद्यापीठाने विद्यार्थिनींच्या सोयीसाठी चालविलेल्या बसगाड्यांवरील चालकांना कामावरून कमी केले, तेव्हा त्यांची दाद १९६३ साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. विद्यादान हे विद्यापीठाचे मुख्य कार्य, ते करणारे अध्यापक हे कामगार नव्हेत, आणि बाकीच्या सेवकवर्गाचे साहाय्य त्या मानाने गौण, म्हणून विद्यापीठ हा उद्योग होऊ शकत नाही, असा निर्णय न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला. हेच गजेंद्रगडकर पुढे सरन्यायाधीश झाले आणि निवृत्तीनंतर मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या विद्वत्तेविषयी आणि न्यायबुद्धीविषयी मनात पूर्ण आदर ठेवूनही असे म्हणावेसे वाटते, की ज्या वर्गाला त्या निर्णयाने गौण म्हटले, त्याच वर्गाच्या शरीरावर विद्यापीठीय कामाचा भार आणि धोका सर्वांत अधिक पडत आला आहे.

आरोग्याची व्यवस्था मुळीच नव्हती असे नाही. नेमणुकीच्या वेळी शरीरप्रकृती निकोप असल्याचा दाखला घेतला जाई, आजारपणाच्या रजेला वैद्यकीय प्रमाणपत्र लागे, आणि रुग्णालयाचे देयक सादर केल्यावर यथावकाश खर्चाची प्रतिपूर्तीही होई. परंतु सेवेत रुजू होण्याचा दाखला आणि आजारपणाचा दाखला या दोहोंच्या दरम्यान जी वीस-तीस वर्षे जात, त्या काळात या माणसाने कोणत्या द्रव्यांची वाफ श्वासावाटे घेतली, कोणते प्राणी हाताळले, कोणत्या यंत्राजवळ बसून दिवस काढले, ही विचारपूस करण्याचे काम कोणाकडेही सोपविलेले नव्हते. १९४८ च्या कारखाना कायद्याने कारखान्यांसाठी प्रमाणक शल्यचिकित्सक नेमण्याची तरतूद केली. पण ती कारखान्याच्या फाटकापाशी थांबली. त्यामुळे रस्त्याच्या एका बाजूच्या रंगाच्या कारखान्यात बेंझिन हाताळणारा कामगार निदान कागदोपत्री तरी वैद्याच्या नजरेखाली येई, आणि दुसऱ्या बाजूच्या रसायनशास्त्र विभागात तेच द्रव्य बाटल्यांत ओतणारा परिचर तसा येत नसे.

ही उणीव अधिक खटकते, कारण व्यवसायजन्य रोगांचे शास्त्रच मुळी एका विद्यापीठीय प्राध्यापकाने उभे केले. इटलीतील मोदेना येथे अध्यापन करणाऱ्या बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० साली कारागिरांच्या रोगांवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. आपल्याच घरचा शौचकूप उपसणाऱ्या माणसाला ते इतक्या घाईने काम का करतोस असे विचारते झाले, आणि या कामाने डोळे कसे जळतात व पुढे दृष्टी कशी जाते, हे त्याच्याच तोंडून ऐकल्यावर त्यांनी या विषयाचा ध्यास घेतला. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, हा त्यांनी वैद्यांना केलेला उपदेश. त्यांनी विद्वानांच्या व्याधींचाही परामर्श घेतला होता; तरीही विद्वानांच्या संस्थांनी हा प्रश्न आपल्या सेवकांना विचारावयास पावणेतीनशे वर्षे घेतली.

ब्रिटनमध्ये लॉर्ड रोबेन्स यांच्या समितीने १९७२ साली अहवाल दिला आणि त्यावरून १९७४ साली कामाच्या ठिकाणचे आरोग्य व सुरक्षितता यांविषयीचा कायदा झाला. आधीचे कायदे खाणी, गिरण्या, दुकाने, कचेऱ्या असे एकेक स्थान घेऊन त्याचा बंदोबस्त करीत. या कायद्याने मालक आणि नोकर हे नातेच आधाराला घेतले, आणि त्यामुळे विद्यापीठे, शाळा व रुग्णालये आपोआप त्याच्या अमलाखाली आली. कायदा आला, तरी सवयी इतक्या लवकर बदलल्या नाहीत. त्याची साक्ष बर्मिंगहॅमने दिली.

तेथील वैद्यक शाखेच्या पूर्वेकडील इमारतीत प्राध्यापक हेन्री बेडसन यांची देवीच्या विषाणूंवर संशोधन करणारी प्रयोगशाळा होती. देवीचे उच्चाटन जवळजवळ पूर्ण झालेले असल्याने जगातील अशा प्रयोगशाळांची संख्या कमी करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे धोरण होते. बेडसन यांची प्रयोगशाळा १९७८ च्या अखेरीस बंद व्हावयाची होती, आणि हाती घेतलेले काम मुदतीत उरकण्याची तेथे घाई चालली होती. या प्रयोगशाळेच्या वरच्या मजल्यावर शरीररचनाशास्त्र विभाग होता आणि जॅनेट पार्कर ही त्या विभागाची छायाचित्रकार. तिचा विषाणूंशी संबंध नव्हता. ती त्या प्रयोगशाळेच्या हजेरीपटावर नव्हती, म्हणून तेथील माणसांसाठी असलेला लसीकरणाचा शिरस्ता तिला लागू नव्हता. तिने शेवटची लस टोचून घेतली होती ती १९६६ साली. ११ ऑगस्टला तिला ज्वर आला, पुढे अंगावर पुरळ उठले, आणि जवळजवळ पंधरवडा कोणाच्याही मनात देवीची शंका आली नाही. २४ तारखेला ती रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा कोठे खरे निदान झाले. ११ सप्टेंबरला ती गेली. तिच्या आईलाही रोगाने गाठले, परंतु ती वाचली. वडील विलग ठेवलेले असतानाच वारले. आणि घरी विलगवासात असलेल्या बेडसन यांनी स्वतःच्या हाताने जीवनाचा अंत करून घेतला.

आपल्याकडच्या वाचकाला या घटनेची तीव्रता विशेष जाणवावी, कारण देवीचा रोगी दाखविणाऱ्यास एक हजार रुपयांचे इनाम जाहीर करणारी अक्षरे आपल्या गावोगावच्या भिंतींवर तेव्हा अजून पुरती पुसलीही गेली नव्हती. जो रोग हुडकून काढण्यासाठी आरोग्यसेवक खेडोपाडी दारोदार हिंडले, त्याचा जगातील शेवटचा बळी एका विद्यापीठाच्या सेवकवर्गातील निघाला. आणि तिच्या शरीरात सापडलेला विषाणू ‘आबिद’ या नावाने ओळखला जाई, कारण तो १९७० साली पाकिस्तानातील त्या नावाच्या एका तीन वर्षांच्या मुलाकडून मिळालेला होता.

या प्रकरणी नेमलेल्या शूटर समितीच्या चौकशीत विषाणू वर कसा गेला याच्या तीन शक्यता मांडण्यात आल्या. त्यांपैकी हवेच्या झोताची शक्यता समितीला सर्वांत संभाव्य वाटली. जॅनेट पार्कर छायाचित्रणाचे साहित्य मागविण्यासाठी जेथून दूरध्वनी करीत असे, ती खोली इमारतीतून वर जाणाऱ्या पोकळीला लागून होती. १९७९ साली विद्यापीठावर १९७४ च्या कायद्याखाली खटला चालविण्यात आला, पण विषाणू त्याच मार्गाने गेला हे सिद्ध न झाल्यामुळे विद्यापीठ निर्दोष सुटले. मार्ग कोणता, हा वाद तज्ज्ञांनी खुशाल चालवावा. मला अधिक महत्त्वाची वाटते ती दुसरीच गोष्ट. १९६६ साली याच वैद्यक शाखेतील एका छायाचित्रकाराला सौम्य प्रकारची देवी झाली होती आणि कित्येक आठवडे ती कोणाच्या लक्षात आली नाही. तेच ठिकाण, तोच हुद्दा, बारा वर्षांचे अंतर. त्या काळात या सेवकांच्या दुखण्यांची त्यांच्या कामाच्या जागेसह सलग नोंद ठेवणारा एखादा वैद्य तेथे असता, तर १९७८ च्या ऑगस्टात त्याला शंका यावयास पंधरवडा लागला असता का?

या आघातानंतर ब्रिटिश विद्यापीठांतील व्यवसायारोग्य-सेवा हळूहळू आकारास आली. कामगार संघांना सुरक्षा-प्रतिनिधी नेमण्याचा हक्क देणारे नियम १९७८ च्याच ऑक्टोबरपासून अमलात आले. १९८२ साली प्रयोगशाळेतील प्राण्यांमुळे जडणारा दमा भरपाईस पात्र अशा रोगांच्या यादीत समाविष्ट झाला, आणि या सेवेचे खरे कौशल्य अशा रोगांतच दिसते. उंदरांच्या मूत्रातील प्रथिने वाळून धुळीबरोबर हवेत मिसळतात आणि श्वासात जातात. हा त्रास सर्वांत अधिक होतो तो पिंजरे धुणाऱ्यास आणि त्यांतील भुसा बदलणाऱ्यास. आरंभी नुसत्या शिंका येतात, डोळे चुरचुरतात, आणि माणूस सर्दी म्हणून सोडून देतो. सेवेतील परिचारिका फुंकरीच्या यंत्राने फुप्फुसांची शक्ती मोजते, मागच्या वर्षीच्या आकड्याशी ताडून पाहते, आणि एक साधा प्रश्न विचारते : सुट्टीच्या दिवशी बरे वाटते का? होय असे उत्तर आले, तर त्या माणसाचा श्वास शाबूत राखता येतो, कारण दमा पक्का होण्याच्या आत त्याचे काम बदलता येते. यात महागडी यंत्रे फारशी लागत नाहीत. लागतो तो त्याच माणसाला दरवर्षी भेटण्याचा नेम.

फ्रान्समध्ये ही जागृती वरून आली नाही, ती सेवकांनी स्वतः घडविली. पॅरिसमधील झ्यूसिय या विद्यापीठीय संकुलाच्या इमारतींत पोलादी सांगाड्यावर ॲस्बेस्टॉसचा लेप फवारलेला होता. तो झडून धूळ होऊ लागली, तेव्हा आंरी पेझरा यांच्यासारख्या संशोधकांनी आणि तेथील कामगार संघांनी सत्तरीच्या दशकाच्या मध्यापासून आवाज उठविला. छताला भोक पाडून तारा ओढणारा आणि नळ दुरुस्त करणारा माणूस ही धूळ थेट तोंडावर घेई, आणि तिचे परिणाम दिसावयास तीस-तीस वर्षे लागत. १९९४ साली तेथे ॲस्बेस्टॉसविरोधी समिती स्थापन झाली. १ जानेवारी १९९७ पासून फ्रान्सने ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आणि त्या संकुलाची सफाई त्यानंतरही दीर्घकाळ चालली. मध्यंतरी १९८५ साली आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने व्यवसायारोग्य-सेवांविषयीचा करार संमत केला, त्यात ही सेवा अर्थव्यवहाराच्या सर्व शाखांतील सर्व कामगारांपर्यंत क्रमाने पोचावी असे म्हटले आहे.

आपल्याकडे १९७८ च्या निकालाने दार किलकिले झाले होते, परंतु त्यातून आरोग्याची व्यवस्था आत आली नाही. १९८८ साली गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने शाळा उद्योग असली तरी शिक्षक कामगार नव्हेत असे ठरविले. वाद राहिला तो नोकरीचा, बडतर्फीचा, पगाराचा. शरीराचा प्रश्न कोणाच्याच कैफियतीत आला नाही.

आणि मग २०१० साल उजाडले. दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागाने १९६८ साली कॅनडाहून गॅमा किरणांचे एक उपकरण घेतले होते. १९८५ पासून ते वापराविना पडून होते. फेब्रुवारी २०१० मध्ये इतर जुन्या सामानाबरोबर त्याचा लिलाव झाला आणि ते मायापुरीच्या भंगारबाजारात पोचले. तेथील मजुरांनी शिशाचे कवच फोडले. आत कोबाल्ट-६० होते. कोणाची कातडी काळी पडली, कोणाचे केस गळले, सात-आठ जण रुग्णालयात गेले आणि एप्रिलच्या अखेरीस एकाचा मृत्यू झाला. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाने विद्यापीठाला कारणे दाखवा नोटीस दिली आणि किरणोत्सारी पदार्थांचा वापर थांबविला. हा मजूर विद्यापीठाचा सेवक नव्हता, हे खरे. पण जॅनेट पार्कर ज्या अर्थाने प्रयोगशाळेच्या बाहेरची होती, त्याच अर्थाने तोही बाहेरचा होता. विद्यापीठाच्या कामातून निघालेले संकट त्याच्यापर्यंत पोचले, आणि दक्षता मात्र जडसंग्रह नोंदवहीतील निर्लेखनाच्या शेऱ्यापाशीच थांबली.

आज आपल्या विद्यापीठांतील झाडलोट, पहारा, बागकाम आणि प्रयोगशाळेतील भांडी धुण्याचे काम पुष्कळ ठिकाणी ठेकेदारांकडे गेले आहे, म्हणजे ज्यांचा धोका मोठा त्यांचे नाव हजेरीपटावरूनही गळत चालले आहे. शवविच्छेदनाच्या दालनात फॉर्मेलिनच्या पिंपांशी आयुष्य घालविणारा परिचर घ्या. फॉर्माल्डिहाइड मानवी कर्करोगास कारण होते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली दिला. या परिचराच्या सेवापुस्तकात वेतनवाढी आहेत, रजेचा हिशेब आहे, वारसाचे नामनिर्देशन आहे. त्याने किती वर्षे कोणते द्रव्य हाताळले याचे पान नाही. ब्रिटनच्या घातक द्रव्यांविषयीच्या नियमांनुसार आज अशी आरोग्यनोंद ४० वर्षे जपून ठेवावी लागते, कारण काही रोग सेवानिवृत्तीनंतरच प्रकट होतात. आपल्या कुलसचिवांना हे एक पान जोडण्यासाठी संसदेच्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही. व्यवस्थापन परिषदेचा ठराव पुरेल, आणि त्याच ठरावात ठेकेदाराच्या माणसांचीही अशीच नोंद विद्यापीठाने स्वतःच्या दप्तरी ठेवावी, एवढे एक वाक्य घालता येईल.